खुंट कोणता?

निफाड तालुक्यात कुणाच्या बागेत पाहुणा आला की तो आधी घडाखाली तळवा धरून वजनाचा अंदाज घेतो आणि विचारतो, "एकरी किती निघेल?" पाहुणा स्वतः बागायतदार असेल तर तो खाली वाकतो, जमिनीपासून वीतभर उंचीवर खोडाला जिथे कलमाची गाठ असते तिथे अंगठा फिरवतो आणि विचारतो, "खुंट कोणता?" माझे सासरे म्हणायचे, पहिला प्रश्न व्यापाऱ्याचा, दुसरा सोयऱ्याचा.

मी एकतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला आणि तेवढीच वर्षं, सुट्टी मिळेल तेव्हा, विरळणीच्या बायकांबरोबर मांडवाखाली मान वर करून उभी राहिले. मानेचं दुखणं या दुसऱ्या नोकरीतलं. गेल्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियात, कूपरटिनोला लेकीकडे होते. सहा आठवडे तिथल्या स्वच्छ रस्त्यांवर फिरून जीव कंटाळला होता. तेव्हा जावई म्हणाले, "आई, डोंगरावर एका कुटुंबाची छोटी वायनरी आहे. तोडणी चालू आहे. येता का? वाइन घेतली नाही तरी चालेल." वाइनचं पुढे पाहू, तोडणी म्हटल्यावर मी चपला घातल्याच.

सॅराटोगा गाव मागे पडलं की नऊ नंबरचा रस्ता घाट चढू लागतो. दोन्ही बाजूंना रेडवुडची झाडं, इतकी उंच की शेंडा पाहायला मान विरळणीसारखीच वर करावी लागते. घरून स्वेटर घालून निघालो होतो, कारण समुद्रावरून आलेल्या धुक्याने सगळं खोरं भरलं होतं. दीड हजार फुटांवर पोचलो तर लख्ख ऊन, आणि धुकं पायाखाली, श्रावणात कसारा घाटातून ढग खाली दिसतात तसं. आपल्याकडे वर चढावं तशी थंडी वाढते. इथे सकाळी उलटंच. लेक म्हणाली, "धुकं कुठवर येतं त्यावरच इथली हद्द आखलीय." खरंच तसं आहे. १९८१ साली 'सांताक्रूझ माउंटन्स' हा वेगळा द्राक्षप्रदेश म्हणून सरकारने मान्य केला तेव्हा जिल्ह्यांच्या रेघा बाजूला ठेवून उंचीची रेघ धरली. समुद्राच्या अंगाला सुमारे चारशे फूट, खोऱ्याच्या अंगाला आठशे, त्याच्या वरचा तो डोंगर. अमेरिकेत उंचीवरून हद्द ठरलेला हा पहिला द्राक्षप्रदेश. एवढ्या मोठ्या रांगेत बागा मात्र दीड हजार एकरांच्या आसपास. आमच्या तालुक्यातली दोन-चार मोठी गावं एकत्र केली तरी तेवढं क्षेत्र भरेल.

वायनरी म्हणजे एक लाकडी गोदाम, त्याच्या पाठीला डोंगरात कोरलेली खोली आणि सहा एकर उतार. मालक पंचाहत्तरीचे. त्यांची बायको हिशेब आणि पाहुणे बघते, मुलगी वाइन करते, नातू त्या दिवशी नळीने क्रेट धूत होता. तिथे सत्तरीच्या माणसालाही नुसत्या नावाने हाक मारतात. मला ते काही जमेना, मी त्यांना 'सर' म्हणत राहिले. त्यांच्या वडिलांची खाली खोऱ्यात आलुबुखार आणि जर्दाळूंची बाग होती. आज ज्याला सगळं जग सिलिकॉन व्हॅली म्हणतं, ते खोरं तेव्हा फळबागांसाठी ओळखलं जायचं. साठच्या दशकात कारखान्यासाठी ती जमीन विकली गेली आणि आलेल्या पैशातून वडिलांनी हा डोंगर घेतला. "लोक हसले होते," सर म्हणाले. "सपाट काळी जमीन विकून दगड विकत घेतले म्हणून."

दगडच होते. मी पायाने माती उकरून पाहिली. बोटभर खाली मुरूम लागला.

मांडव नाही. तारा उभ्या बांधलेल्या, कुंपणासारख्या, आणि वेली माझ्या छातीइतक्या. घड केवढा? मुठीत मावेल एवढा. आमच्याकडे असला घड पहिल्याच विरळणीत कात्रीखाली गेला असता. "एकरी किती?" मी व्यापाऱ्याचा प्रश्न आधी विचारला. "दीड टन. चांगल्या वर्षी दोन." मी जावयांकडे पाहिलं, माझं इंग्रजी चुकलं का म्हणून. नव्हतं चुकलं. आमच्या बागेतून दहा-बारा टन निघाले नाहीत तर घरात दोन दिवस कुणी मोकळेपणी बोलत नाही.

मग त्यांनी एक मणी तोडून माझ्या हातावर ठेवला. हरभऱ्यापेक्षा थोडा मोठा, साल जाड, आत दोन बिया. आमचं सगळं आयुष्य मणी फुगवण्यात गेलं. जीए या संजीवकाच्या द्रावणात एकेक घड बुडवायचा, गाळा मोजायचा, अठरा मिलिमीटर भरला की एक्स्पोर्ट, नाही भरला तर लोकल. इथे मणी मोठा झाला तर मालक खट्टू होतो. रंग, वास आणि तुरटपणा बहुतेक सालीत असतो, मणी लहान तर रसाच्या मानाने साल जास्त. पातळ माती, पाण्याची ओढ, वाऱ्याचा मार, यातून मणी आपोआप लहान राहतो. खोऱ्यातली काळी जमीन वाइनला म्हणून चालत नाही. वेल तिथे सुखावते आणि फोफावते.

त्यांच्या मुलीने गोडी मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर पुढे केला आणि तो कसा धरायचा ते सांगू लागली. मी मणी काचेवर पिळला, झाकण दाबलं, उजेडाकडे तोंड केलं आणि म्हटलं, "साडेतेवीस." ती गप्प झाली. घरी सोळा-सतराला तोड सुरू करतो, इथे चोविसाची वाट पाहतात. यंत्र तेच.

यानंतर मी खाली वाकले. गुडघे वाजले, पण वाकले. गाठ सापडली. "खुंट कोणता?"

सर माझ्याजवळ उकिडवे बसले. "सेंट जॉर्ज," ते म्हणाले. "पाहुण्यांत हे कुणी विचारत नाही. तुमच्याकडे?"

"डॉगरिज."

"म्हणजे टेक्सास!" त्यांनी माझ्या खांद्यावर हातच ठेवला. एकाच आजोळची निघावीत अशी आम्ही दोघं त्या उतारावर बसलो होतो.

हे आजोळ समजायला दीडशे वर्षं मागे जावं लागतं. युरोपातल्या द्राक्षवेली हजारो वर्षं स्वतःच्या मुळांवर उभ्या होत्या. १८६३ च्या सुमाराला फ्रान्सच्या दक्षिणेत वेली कारण नसताना सुकू लागल्या. मुळं उकरली तर त्यांवर माव्याच्या जातीची बारीक पिवळी कीड, फायलॉक्सेरा. ती अमेरिकेतून तिकडे गेली होती. अमेरिकेतल्या रानवेलींना तिची सवय होती, युरोपातल्या वेलींना नव्हती. तीस वर्षांत फ्रान्सच्या बागा उजाड झाल्या. १८७३ मध्ये कॅलिफोर्नियातही कीड सापडली, कारण इथल्या बागाही युरोपातून आणलेल्या काड्यांच्याच होत्या. तोडगा निघाला तो जिथून रोग आला तिथूनच. खाली अमेरिकन रानवेलीचं मूळ, वर युरोपची काडी. टेक्सासमध्ये डेनिसन गावी टी. व्ही. मन्सन नावाचा रोपवाटिकावाला घोड्यावरून रानोमाळ हिंडून जंगली द्राक्षं गोळा करत असे. चुनखडीच्या जमिनीत तग धरणारे खुंट त्याने फ्रान्सला सुचवले आणि १८८८ मध्ये फ्रेंच सरकारने त्याचा सन्मान केला. टेक्सासातल्या डॉग रिज नावाच्या जागेवरची वेलही त्याच्याच शोधातली. शंभर वर्षांनी, पाणी खारवलं आणि विहिरी आटायला लागल्या तेव्हा नाशिक-सांगलीच्या बागायतदारांनी तोच खुंट धरला. आमच्याकडे फायलॉक्सेराची भीती नव्हती, क्षारांची आणि दुष्काळाची होती. निफाडच्या किती बागा टेक्सासच्या मुळांवर उभ्या आहेत, हे तिथल्या शाळेत मी मुलांना कधी सांगितलं नाही. पुस्तकात नव्हतं.

वरची काडीही आपली म्हणावी तर तसं नाही. ओझरला १९२५ साली रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी द्राक्षं लावली आणि तिथून नाशिकची द्राक्षशेती सुरू झाली असं आमच्याकडे मानतात. भोकरी, अनाबेशाही झाली, पण पैसा आला तो थॉमसन सीडलेसने. हे थॉमसन कोण? कॅलिफोर्नियातल्या युबा सिटीजवळचा विल्यम थॉमसन नावाचा इंग्रज शेतकरी. १८७२ मध्ये त्याने न्यूयॉर्क राज्यातल्या एका रोपवाटिकेकडून काड्या मागवल्या, त्यातल्या जगलेल्या वेलीचं बिनबियांचं द्राक्ष त्याच्या नावावर चढलं. मुळात ते इराण-तुर्कस्तानातलं किसमिस. मग तासगावकडे त्यातूनच निवडून तास-ए-गणेश झालं. इराणची काडी, इंग्रजाचं नाव, तासगावचा गणपती. एवढं सगळं आमच्या बागेत नांदत होतं.

सरांना मी गणपतीचा भाग सांगितला. तो त्यांना फार आवडला.

वरच्या कोपऱ्यात पिनो न्वारच्या दहा-बारा ओळी होत्या. "या काड्या शेजारून आणल्या," ते म्हणाले आणि दरीपलीकडच्या टेकडीकडे बोट केलं. त्या एका बोटात या डोंगराचा सगळा इतिहास होता, तो मी त्यांच्याकडून, आणि नंतर लेकीच्या गावच्या ग्रंथालयात बसून, जुळवला.

१८५२ साली एत्येन ते नावाच्या फ्रेंच माणसाने खाली सॅन होजेजवळ वेली लावल्या. त्याचा जावई शार्ल लफ्रांक याने धंदा वाढवला. लफ्रांककडे नोकरीला बरगंडीहून पॉल मॅसन नावाचा तरुण आला, त्याने १८८८ मध्ये लफ्रांकच्या मुलीशी लग्न केलं. सासऱ्याची बाग जावयाकडे, असं दोन पिढ्या चाललं. (जावई गाडी चालवत होते म्हणून हे मी जास्त ताणलं नाही.) मॅसनने १८९६ मध्ये सॅराटोगाच्या डोंगरावर जमीन घेतली आणि तिला 'ला क्रेस्ता' म्हटलं. तिथे लावलेल्या काड्या त्याने बरगंडीहून, लुई लातूर या वाइनवाल्याकडून आणल्या असं परंपरेने सांगतात. १९०६ च्या भूकंपात सॅन होजेचं एक चर्च पडलं, त्याची दगडी कमान त्याने आपल्या वायनरीच्या तोंडावर बसवली. ती आजही आहे. आता तिथे गाण्याचे जलसे होतात.

त्याच डोंगराखाली वाढलेला मार्टिन रे हा शेअरदलाल लहानपणापासून मॅसनकडे ओढला गेला होता. १९३६ मध्ये त्याने मॅसनची बाग आणि नाव दोन्ही विकत घेतलं. १९४१ मध्ये वायनरीला आग लागली, ती त्याने पुन्हा बांधली आणि दोन वर्षांत विकून टाकली. पण डोंगर उतरताना हात मोकळे नव्हते. ला क्रेस्ताच्या काड्या घेऊन तो शेजारच्या टेकडीवर चढला आणि तिथे माउंट ईडनची बाग लावली. काबर्नेच्या काड्या त्याने वुडसाइडच्या एमेट रिक्सफर्ड या वकिलाच्या बागेतल्या लावल्या, ती बाग १८८४ च्या आसपासची. रे भांडकुदळ होता, हे त्याचे चाहतेही कबूल करतात. पण त्याच्या भांडणात तथ्य होतं. त्या काळी बाटलीवर 'पिनो न्वार' लिहायला आत एक्कावन्न टक्के पिनो असलं तरी पुरे. रे म्हणायचा, शंभर टक्के नसेल तर नाव लिहू नका. शेवटी भागीदारांशी बिनसलं आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला माउंट ईडन त्याच्या हातून गेलं. माणूस गेला, काडी राहिली. आज अमेरिकेतल्या पुष्कळ बागांत तिला 'माउंट ईडनची जात' म्हणून मागतात. मॅसनच्या मूळ धंद्याचं नाव पुढे मोठ्या कंपन्यांच्या स्वस्त बाटल्यांवर गेलं.

मला यातली एक गोष्ट लागून राहिली. वाइनचा इतिहास बाटल्यांवरून लिहितात, किती साली काय निघालं, कुणाला पदक मिळालं. बाटली तर पिऊन संपते. काडी एका बागेतून दुसरीत जाते, बहुतेक वेळा न विचारता, ओल्या गोणपाटात गुंडाळून. सासऱ्यांनी आमची पहिली काडी पिंपळगावच्या एका नातलगाकडून आणली होती. नंतर त्या दोघांचं बांधावरून वाजलं आणि बोलणं बंद झालं. काडी वाढत राहिली.

कोरलेल्या खोलीत गार होतं. पिंपांचा वास गुळाच्या ढेपेसारखा, थोडा शेणाने सारवलेल्या ओसरीचा. सरांनी १७ ऑक्टोबर १९८९ ची गोष्ट सांगितली. लोमा प्रिएटाचा भूकंप, ६.९ तीव्रतेचा, त्याचं केंद्र याच डोंगररांगेत. संध्याकाळी पाच वाजून गेले होते. वरच्या रांगेतली पिंपं घरंगळली आणि एका वर्षाची निम्मी मेहनत या फरशीवरून उताराला गेली. त्यांची बायको दारात उभी होती. ती म्हणाली, "सगळं अंगण जांभळं झालं होतं. कुत्रा दोन दिवस झोपला." भिंतीला अजून डाग दाखवतात. सॅन अँड्रियासची भेग या डोंगरातूनच जाते, त्यामुळे पुढचा भूकंप कधी, हा प्रश्न इथे पावसाबद्दल बोलावं तसा निघतो.

पण या डोंगराचा खरा भूकंप कायद्याचा होता. १७ जानेवारी १९२० ला अमेरिकेत दारूबंदी लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ ला उठली. मला वाटत होतं की तेरा वर्षांत द्राक्षबागा मोडल्या असतील. उलट झालं. खोऱ्याखोऱ्यांत द्राक्षं वाढली! घरच्या वापरासाठी वर्षाला दोनशे गॅलनपर्यंत फळांचा रस करायला कायद्याने सूट होती, आणि तो रस आंबला की नाही हे घरात जाऊन कोण पाहणार? जाड सालीची, भडक रंगाची, रेल्वेच्या डब्यातून न्यूयॉर्कपर्यंत टिकतील अशी द्राक्षं शेतकऱ्यांनी लावली. आटवलेल्या द्राक्षाच्या विटा निघाल्या, त्यांवर सूचना असे की ही वीट पाण्यात घालून अमुक दिवस कपाटात ठेवू नका, नाही तर तिची वाइन होईल. इतकी स्पष्ट कृती पाककृतीच्या पुस्तकातही नसते. डोंगरावरच्या नाजूक सालीच्या, कमी पिकणाऱ्या जाती या बाजारात कशा टिकणार? वाचले ते कुणा ना कुणाच्या आडोशाने. लॉस गॅटोसच्या जेझुइट पाद्र्यांची १८८८ पासूनची वायनरी होती, ती चर्चच्या विधींसाठी वाइन करत राहिली. मॅसनने औषधी शँपेनचा परवाना मिळवला. ज्यांना देवही नव्हता आणि डॉक्टरही नव्हता, त्यांच्या बागा रानात गेल्या.

आम्हाला यात हसण्यासारखं काही नाही. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि आजही महाराष्ट्रात दारूचा सगळा कारभार त्याच कायद्याखाली परवान्यांनी चालतो. त्याच राज्याने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आणून वाइनला उत्तेजन दिलं. २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांत वाइन ठेवायचा निर्णय झाला तेव्हा अण्णा हजारे उपोषणाला निघाले. वाइन म्हणजे शेतकऱ्याचा माल की दारू, हा वाद आमच्या ओट्यावर त्याच्या कितीतरी आधी झाला होता. सासऱ्यांच्या गळ्यात माळ, आषाढीची वारी चुकवलेली नाही. १९९९ मध्ये गंगापूर धरणाजवळ सुला आली, पाठोपाठ इतर आल्या, गावोगाव करार घेऊन माणसं फिरू लागली. आमच्या यजमानांनी दोन एकर काबर्ने लावलं. सासरे म्हणाले, "दारूची द्राक्षं?" यजमान म्हणाले, "आबा, वाइनची." सासऱ्यांनी माळेवर हात ठेवला आणि पुढे कधी त्या दोन एकरांत पाऊल टाकलं नाही.

पहिली तीन वर्षं बरी गेली. मग २००८ च्या मंदीनंतर खप थांबला, टाक्या भरून राहिल्या. ज्यांच्याशी आमचा करार होता त्यांनी एका वर्षी माल उचलला नाही आणि आदल्या वर्षाचे पैसेही तुकड्यातुकड्यांत दिले. घड वेलीवर सुकले. ती द्राक्षं खायची म्हटली तर बियाच बिया. २०१० च्या उन्हाळ्यात जेसीबी लावून बाग काढली. तालुक्यात अशा बागा बऱ्याच निघाल्या, आम्ही एकटे नव्हतो. आमच्या द्राक्षांची वाइन झाली कशी, हे आमच्या घरात कुणी चाखून पाहिलं नाही.

म्हणून टेबलावर पेला आला तेव्हा मी हात जोडून 'नको' म्हटलं नाही. सदुसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा. सरांच्या मुलीने आधी शार्डने ओतली. पाडाला आलेल्या कैरीची फोड, मीठ न लावलेली, आणि मागून साजूक तुपासारखं काहीतरी. मग ती शेजारच्या काडीची पिनो. रंग कोकमाच्या सरबताएवढा फिका, वास पहिल्या पावसाआधीच्या पालापाचोळ्याचा. ही मला सगळ्यात आवडली, आणि आवडली याची थोडी लाजही वाटली. मध्येच थुंकायचं भांडं पुढे आलं. चाखून थुंकतात, गिळायचं बंधन नाही. आपल्याकडे पानाची पिंक टाकणाऱ्याला नावं ठेवतात, इथे त्याला चोखंदळ म्हणतात. मी थुंकले नाही. अन्न आहे.

शेवटी काबर्ने. आधी दोन वर्षांची. तोंडात हिरडा धरल्यासारखी, जीभ टाळूला चिकटली. मी तोंड वाकडं केलं तसं ती हसली आणि दुसरी बाटली काढली, एकोणीस वर्षांची. तेच झाड, तोच उतार. तुरटपणा होता, पण मुरलेल्या लोणच्यातला, मसाल्यात विरघळून गेलेला. मागे जांभूळ, लवंग. डोंगरावरच्या काबर्नेला वेळ लागतो, हे या भागाने जगाला जरा नाट्यमय पद्धतीने दाखवलंय. इथून पलीकडच्या मॉन्टे बेलो डोंगरावर सॅन फ्रान्सिस्कोच्या ओसिया पेरोने या इटालियन डॉक्टरने १८८० च्या दशकात चुनखडीचा उतार टप्प्याटप्प्याने बांधून बाग केली. दारूबंदीनंतर ती ओस पडली. १९४० च्या दशकात विल्यम शॉर्ट नावाच्या धर्मशास्त्राच्या अभ्यासकाने तिथली खालची पडीक जमीन घेऊन काबर्ने लावलं. १९५९ मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या चार इंजिनिअरांनी ती जागा शनिवार-रविवार घालवायला म्हणून घेतली आणि पाव पिंप वाइन करून पाहिली. ती इतकी चांगली निघाली की 'रिज' ही वायनरी उभी राहिली. त्या चौघांतले चार्ली रोझन म्हणजे, आजूबाजूचं पाहून आपली वाट आपण ठरवणाऱ्या 'शेकी' या पहिल्या रोबोच्या प्रयोगशाळेचे संस्थापक. जावयांचं काम त्याच वळणाचं असल्याने ते हे ऐकून एकदम ताठ बसले. आतापर्यंत त्यांना वाटत होतं आपण सासूबाईंना फिरायला आणलंय.

१९७६ च्या मे महिन्यात पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांपुढे, नावं झाकून, कॅलिफोर्निया आणि फ्रान्सच्या वाइन ठेवल्या गेल्या. लाल आणि पांढरी, दोन्हींत कॅलिफोर्निया पहिली आली, हे सगळ्यांना ठाऊक. रिजची १९७१ ची मॉन्टे बेलो पाचवी होती. याच डोंगरावरच्या डेव्हिड ब्रूस या त्वचारोगतज्ज्ञाची शार्डने पांढऱ्यांत शेवटची. तीस वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच जुन्या लाल बाटल्या पुन्हा उघडल्या तेव्हा रिज पहिली आली. "आम्ही हे प्रत्येक पाहुण्याला सांगतो," सरांची बायको म्हणाली. "आमच्या वाइनचा त्यात काही संबंध नाही, पण सांगतो."

मी तिला पैशांचं विचारलं. सहा एकर, एकरी दीड टन, वर्षाला जेमतेम पाच-सहा हजार बाटल्या, भागतं कसं? तिने वही उघडून दाखवली नाही, पण एवढं सांगितलं की एकही घड बाहेर विकत नाहीत. वडिलांनी खोऱ्यात आलुबुखार अडत्याला विकले आणि दर वर्षी भाव ऐकून घरी येऊन जेवले नाहीत. डोंगर घेताना त्यांनी ठरवलं होतं की पुढे आपल्या मालाचा भाव दुसऱ्याने ठरवायचा नाही. मग मी तिला आमच्या दोन एकरांची गोष्ट सांगितली, जेसीबीसकट. तिने ऐकून घेतलं आणि एकोणीस वर्षांच्या बाटलीतली उरलेली माझ्या पेल्यात ओतली.

निघताना सर पुन्हा मला त्या पिनोच्या ओळीपाशी घेऊन गेले. सेंट जॉर्जचं मूळ खडकाच्या फटींतून खोल जातं, म्हणून इथे पाणी न देता बाग जगते. १९८० च्या दशकात नापा-सोनोमात ज्या दुसऱ्या खुंटावर सगळ्यांनी भिस्त ठेवली होती तो फायलॉक्सेराला बळी पडला आणि हजारो एकर काढून टाकावे लागले. यांच्या वडिलांनी तो घेतला नाही, कारण रोपवाटिकेत त्याची किंमत जास्त होती. "शहाणपण नव्हतं," ते म्हणाले. "चिक्कूपणा होता."

मी ओळीतल्या एका काडीवर हात ठेवला. डोळे जवळजवळ, पेरं आखूड, काडी पेन्सिलीएवढी. आमच्याकडे अशा काडीला चांगली म्हणतात.

"जानेवारीत या," ते म्हणाले. "वेल झोपलेली असते, छाटणी काढतो. तेव्हा पाहिजे तेवढ्या काड्या देतो."

"जानेवारीत आमच्याकडे तोडणी असते."

"मग एप्रिलात?"

"एप्रिलात खरड छाटणी."

"तुमची वेल झोपते कधी?"

"झोपतच नाही. ऑक्टोबरात गोडी छाटणी करून, डोळ्यांना पेस्ट लावून पुन्हा फोडतो तिला." विमानात काडी नेता येत नाही, ती आधी क्वारंटाइनमध्ये पडते, हे सांगायचं राहिलंच. जावयांनी गाडी वळवून घेतली होती. "म्हणून तर अठ्ठावीस तारखेचं तिकीट आहे," मी म्हटलं.